कॅसरोल म्हणजे चपातीचा डबा नव्हे: अंड्याचं पोटभर जेवण, पार पहिल्यापासून

कॅसरोल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतंय, तर चपात्या गरम ठेवायचा तो गोल डबा. लग्नात आहेरात चार तरी आलेले असतात, एक वापरात आणि तीन माळ्यावर. त्यामुळं भाचा परवा फोनवर म्हणाला "मावशी, कॅसरोल शिकव की" तेव्हा मी पण क्षणभर म्हटलं अरे त्यात शिकायचं काय, झाकण लाव आणि गप बस. तो इंजिनिअरिंगला आहे, सांगलीत विश्रामबागला रूम घेऊन तिघं राहतात, एक इंडक्शन, एक कढई, एक कुकर आणि अंड्याचा ट्रे एवढाच संसार. त्याला समजावता समजावता लक्षात आलं की आपण हे सगळं हाताच्या सवयीनं करतोय, कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हे लिहितेय. ज्यांना साधं अंडं उकडता येत नाही त्यांच्यापासून सुरू करतेय, येत असेल त्यांनी सरळ खाली जावा.

तर कॅसरोल हा मुळात फ्रेंच शब्द, आणि तिकडं त्याचा अर्थ दांडा असलेलं पातेलं. म्हणजे फिरून फिरून पातेलंच. तिकडच्या लोकांनी काय केलं, भाजी, बटाटा, अंडी, ब्रेड, चीज जे असेल ते एका खोलगट भांड्यात थरावर थर लावून ओव्हनमध्ये ढकललं आणि तेच भांडं टेबलावर आणून ठेवलं. भांड्याचं नाव पदार्थाला पडलं, आपल्याकडं हंडीचं झालं तसंच.

आधी अंडी आणायची गोष्ट. दुकानातनं आणली की धुवून ठेवू नका, कवचावर एक नैसर्गिक थर असतोय तो धुतला की जातोय आणि कवचाला तर बारीक बारीक छिद्रं असतातच. करायच्या आधी धुवायचं. जुनं का ताजं ते बघायचं असेल तर तांब्याभर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालणारं, तरंगलं की फेकून द्या, वास घेत बसू नका. आतला ओलावा छिद्रांतनं उडत जातोय आणि त्या जागी हवा भरतेय म्हणून ते तरंगतंय. आणि कितीही ताजं असलं तरी अंडं आधी वाटीत फोडायचं, मग पातेल्यात. मी एकदा आळस केला आणि सहावं अंडं थेट आधीच्या पाचांत फोडलं, ते निघालं खराब, सहाच्या सहा गेली आणि वर घरभर तो वास. घरात आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई, आम्ही आत्याच म्हणतो) माळकरी, त्यांनी त्या दिवशी दोन्ही दारं उघडून देवापुढं चार उदबत्त्या लावल्या होत्या. बोलल्या काही नाहीत, तेच जास्त लागलं.

उकडायचं कसं. पाणी आधी खळखळ उकळू द्या, चमच्यात अंडं घेऊन अलगद खाली सोडा, आणि तिथनं घड्याळ लावा. ६ मिनिटांत बलक ओघळता राहतोय, ८ ला मऊ, १० ला पक्का. फ्रीजमधनं काढलेलं असेल तर मिनिटभर जास्त. पाण्यात चमचाभर मीठ टाका, एखादं तडकलंच तर पांढरं पटकन गोठतंय, बाहेर धागे धागे होत नाहीत. झालं की लगेच गार पाण्यात. सोलताना कवचाबरोबर पांढरं निघून येतंय ही सगळ्यांची तक्रार, त्यात तुमची चूक नसती, अंडं फार ताजं असतंय. आठवडाभराचं अंडं छान सोलून निघतंय. म्हणून गावाकडनं कुणी आजची गावरान अंडी दिली तर ती पोळ्याला (म्हणजे आम्लेटला) नाहीतर बुर्जीला वापरा, उकडायला चार दिवस थांबा.

भाच्याचा पहिला फोटो आला होता तो उकडलेल्या अंड्याचाच. "मावशी, पिवळ्याभोवती हिरवं झालंय, खराब हाय का?" खराब नव्हतं, बाबानं वीस मिनिटं उकडलं होतं. जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती हिरवट काळी कडा तयार होते. खाल्लं तरी काही होत नाही, फक्त बलक खडूसारखा लागतोय.

आणि एक, तुमच्यातलं कुणी महाबळेश्वर-पाचगणीला राहत असेल तर ही मिनिटं जशीच्या तशी धरू नका. महाबळेश्वर जवळपास साडेचार हजार फुटांवर, तिथं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळायला लागतंय, त्यामुळं अंड्याला मिनिट दीड मिनिट जास्त द्या. आमच्या नणंदेकडं पाचगणीला गेलं की डाळीला पण आपली इथली शिट्ट्यांची सवय चालत नाही.

आता कालवण. कॅसरोल आठवड्यातनं एकदा होईल, अंड्याचं कालवण मात्र यायलाच पाहिजे, कारण पाहुणे अचानक आले आणि मटण आणायला वेळ नाही तर तेच लाज राखतंय. पाच माणसांना ६ ते ८ अंडी. दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं. कांदा चिरून तेलात परतायचा असं बरेच जण सांगतात, मी नाही करत, मी कांदा सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवते आणि चिमट्यानं फिरवत राहते, वरचं साल पार काळं होऊन आतनं पाणी फुसफुसायला लागलं की झालं. खोबऱ्याची वाटी पण तशीच थेट जाळावर, ती मात्र पेटते, फुंकर मारायला तयार राहा. इंडक्शनवाल्यांनी तव्यावर भाजा, चव थोडी कमी येतेय पण चालतंय. मग त्यात १० पाकळ्या लसूण, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर, चमचाभर भाजलेले तीळ, आणि हे सगळं थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटायचं. जाडसर वाटण राहिलं की कालवण चोथापाणी होतंय, पाणी एकीकडं आणि खोबरं एकीकडं.

कढईत तेल जरा सढळ, तीन चमचे तरी. वाटण टाकून मध्यम आचेवर परतत राहायचं, पहिल्यांदा ते कढईला चिकटतंय, मग गोळा व्हायला लागतंय, आणि आठ-दहा मिनिटांनी कडेनं तेल सुटतंय. ते दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. आता गॅस बारीक करून अर्धा चमचा हळद (सांगलीत राहून हळदीत कंजूषपणा करू नये, आपल्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय) आणि दोन चमचे चटणी. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढायची ती नव्हे, कांदा लसूण मसाला, वर्षाचा एकदम करून बरणीत भरून ठेवलेला. ती आच मोठी असताना टाकली की करपतेय आणि सगळं कडू होतंय म्हणून गॅस बारीक. मिनिटभर हलवलं की उकळतं पाणी घाला, गार नको, गार पाण्यानं तर्री बसते. मीठ घालून दहा मिनिटं उकळू द्या.

इथनं दोन रस्ते. एक, उकडलेली अंडी सोलून, सुरीनं उभ्या चिरा देऊन आत सोडायची, हे सगळ्यांना माहितीय. दुसरा, जो माझ्या आईचा, अंडी फोडून सोडायची. उकळी मोडेपर्यंत गॅस कमी करायचा, रस्सा नुसता कडेला हलताना दिसला पाहिजे. अंडं वाटीत फोडायचं, वाटी रश्श्याला टेकवायची आणि अंडं कडेनं घसरू द्यायचं. सोडल्या सोडल्या पांढरं पसरल्यासारखं वाटतंय, तुमचा हात चमच्याकडं जातोय, तिथंच तो हात धरायचा. चमचा लावला की बुर्जी. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं मागं व्हा, झाकण काढाल तेव्हा पांढरं घट्ट होऊन वर आलेलं असतंय आणि त्याच्या सुरकुत्यांत तर्री अडकलेली, उकडलेल्या गुळगुळीत अंड्याला ते कधी जमत नाही. ज्वारीची भाकरी, कांदा फोडून, बास.

हीच युक्ती अक्खा मसूरवर पण करा. इस्लामपूर, कराडकडं जाताना धाब्यांवर अक्खा मसूर आणि रोटी खाऊन सगळे येतात, घरी केला आणि उरला तर दुसऱ्या दिवशी रुंद कढईत थोडं पाणी घालून गरम करायचा, चमच्याच्या पाठीनं चार खळगे करायचे आणि प्रत्येकात एक अंडं. झाकण. सहा मिनिटांत जेवण तयार. भाच्याच्या रूमवर हे सगळ्यात जास्त चालतंय.

पोळा आणि बुर्जीबद्दल फार लिहीत नाही, दोन्हीत एकच चूक होते ती म्हणजे आच. पांढरं ६२ डिग्रीच्या आसपास गोठायला लागतंय, बलक ६५ ते ७० ला. म्हणजे उकळत्या पाण्याच्याही बरंच खाली काम होतंय, आणि आपण तवा लालबुंद करून त्यावर अंडं ओततो. मग ते चिवट होणार नाहीतर काय. बुर्जी थोडी ओलसर असतानाच गॅस बंद करा, कढईच्या गरमीनं बाकीचं होतंय. अर्धंकच्चं मात्र लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, दिवस गेलेल्या बायकांना देऊ नका, कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतोय, त्यांना पूर्ण शिजलेलंच.

आता येऊ त्या कॅसरोलवर. माझा पहिला कॅसरोल सांगते म्हणजे काय करायचं नाही ते आधी कळेल. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) नवीन घेतलेला, उत्साह भरपूर. बटाट्याच्या कच्च्या चकत्या लावल्या, त्यावर अंडी-दूध ओतलं, जत्रेत घेतलेला एक काचेचा बाऊल होता त्यात. अर्ध्या तासानं वर छान सोनेरी, पोरं ताटं घेऊन बसलेली, मी बाऊल काढला आणि ओट्यावर, ओल्या ओट्यावर ठेवला. टक्क. तळ वेगळा आणि वाटी वेगळी. आणि जे बाहेर आलं त्यात बटाटे कराकरा कच्चे. त्या रात्री आम्ही भडंग खाल्लं. तेव्हापासनं, काचेचं भांडं ओव्हनला चालतंय असं त्यावर लिहिलेलं असेल तरच, आणि गरम भांडं कायम कोरड्या फडक्यावर. नाहीतर सरळ ॲल्युमिनियमचा केकचा डबा घ्या, पडला तरी वाकतोय, फुटत नाही.

प्रमाण एवढं पाठ करा: ६ अंडी, २ कप दूध, ६ पाव. नऊ इंची आणि दोन-अडीच इंच खोल डब्यात हे बसतंय, पाच-सहा माणसं जेवतात. पाव कालचे पाहिजेत, ताजे पाव दूध पिऊन लगदा होतात. लादीतले उरलेले, कोरडे पडलेले, तेच. त्यांचे हातानं तुकडे करायचे, सुरीनं नको, हातानं तोडलेल्या कडा खरबरीत असतात आणि त्याच वर कुरकुरीत होतात. भाजी म्हणून दोन कांदे, एक ढबू मिरची, दोन उकडलेले बटाटे (उकडलेले!), तीन-चार हिरव्या मिरच्या. कांदा आणि ढबू आधी तेलावर परतून घ्यायचे, पाणी उडून गेलं पाहिजे. टोमॅटो घालायचा मोह होतोय पण तो पाणी सोडतोय, घालायचाच तर बिया काढून. पालक, मेथी, काहीही चालतंय, एकच अट, परतून कोरडं केलेलं.

डब्याला आतनं लोणी लावा, कोपऱ्यांत पण. खाली निम्मे पाव, त्यावर बटाट्याच्या फोडी आणि परतलेली भाजी, चीज किसून थोडं, मग उरलेले पाव. आता वेगळ्या पातेल्यात अंडी फेटायची, फेस आणायचा नाही, केक नाहीये हा, फक्त पांढरं-पिवळं एक झालं पाहिजे. त्यात दूध, सपाट चमचाभर मीठ, मिरपूड, आणि मी अर्धा चमचा चटणी पण घालते, ज्यांना हे पाप वाटतंय त्यांनी घालू नका. हे मिश्रण पावांवर सगळीकडनं हळूहळू ओता आणि चमच्याच्या पाठीनं पाव दाबा. मग अर्धा तास तसंच ठेवायचं, आणि नवीन माणसं नेमका हा अर्धा तासच गाळतात. पावाच्या पोटात दूध-अंडं जायला वेळ लागतोय, नाही दिला तर खाली आम्लेट आणि वर कोरडा पाव असा प्रकार होतोय. मी तर रात्रीच लावून झाकून फ्रीजला ठेवते, रविवारी सकाळी उठलं की फक्त भाजायचं. फ्रीजमधनं काढल्यावर डबा थोडा वेळ बाहेर ठेवा मात्र, गारच्या गार गरम ओव्हनमध्ये घालू नका, काचेचा असेल तर अजिबातच नको.

ओटीजी असेल तर १८० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवून घ्या. पहिली २५ मिनिटं डब्यावर फॉइल, मग फॉइल काढून वर उरलेलं चीज आणि परत १५-२० मिनिटं. मधोमध सुरी घालून बघा, दूधट पाणी वर आलं तर अजून पाच मिनिटं. कडेला घालून बघू नका, कडा कधीच्या झालेल्या असतात. मध्यभाग थोडा थरथरला तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर दहा मिनिटं ठेवलं की बसतोय. जास्त वेळ ठेवलं तर अंडं आवळतंय आणि पाणी सोडतंय, तळाला पाण्याचं तळं दिसलं की समजायचं पाच-दहा मिनिटं जास्त झाली.

ओव्हन नाही त्यांनी रडायचं कारण नाही. जाड बुडाची कढई नाहीतर मोठा कुकर घ्या, कुकर असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा. तळाशी वाटीभर जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड नाहीतर एक पालथी स्टीलची ताटली. झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग आत डबा ठेवून आच एकदम बारीक, ४५ ते ५० मिनिटं, सारखं झाकण उचलून बघायचं नाही, प्रत्येक वेळी सगळी गरमी जातेय. ह्यात वरचा रंग ओव्हनसारखा येत नाही, वर फिकटच राहतंय. त्यावर इलाज म्हणजे झाल्यावर तुकडा कापून तव्यावर लोण्यात पालथा घालायचा, दोन मिनिटं, आणि खरं सांगू का, पोरांना ओव्हनपेक्षा तेच आवडतंय. नॉनस्टिक कढई ह्या कामाला घेऊ नका, रिकामी तापवली की वरचं कोटिंग खराब होतंय.

आता घरात सगळे अंडं खाणारे नसतात हा खरा प्रश्न. आमच्यात आत्या माळकरी, ह्यांचा गुरुवार, जाऊबाईंचा सोमवार आणि शनिवार, श्रावणात तर महिनाभर ट्रे घरात येतच नाही. त्यामुळं बिनअंड्याचा कॅसरोल पण यायला पाहिजे, आणि तो अंड्याच्या आधी भाजायचा, त्याचा डबा वेगळा, ओटीजीचा ट्रे धुवून. कृष्णाकाठची वांगी घ्या, ती चवीला गोडसर असतात, अर्धा इंचाच्या चकत्या मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पुसून तव्यावर दोन्हीकडनं भाजायच्या. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. आणि मध्ये व्हाइट सॉस.

तिकडं अमेरिकेत कॅसरोलमध्ये सरळ डब्यातलं सूप ओततात, त्यांचा तो प्रसिद्ध फरसबीचा कॅसरोल पण १९५५ साली कॅम्पबेल ह्या सूप कंपनीच्याच किचनमध्ये डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी बसवला. आपल्याकडं सॉस घरी करायला दहा मिनिटं लागतात, डबा कशाला. दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा, बारीक आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा पण लाल होऊ द्यायचा नाही, मग दीड कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहायचं. गुठळ्या झाल्याच तर गाळणीनं गाळा, कोण बघतंय. मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ. एक थर वांगं, एक थर बटाटा, सॉस, परत तसंच, वर भाकरीचा नाहीतर ब्रेडचा चुरा लोण्यात चोळून. आत सगळं शिजलेलंच आहे त्यामुळं १८० ला २० मिनिटं पुरतात. आत्यांनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाल्या, "वांग्याचं भरीतच की गं, पाटावर बसवलंय नुसतं." पण दुसऱ्यांदा मागून घेतलं.

उरलं तर. कॅसरोल दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, तीन दिवस चालतोय, डब्याला द्यायचा तर सकाळी तव्यावर नीट गरम करून. उकडलेली अंडी कवचासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात, सोललेली त्याच दिवशी संपवा.

आणि भांडी. अंड्याची पातेली गरम पाण्यानं धुवायला जाऊ नका, गरम पाण्यानं अंडं भांड्यालाच शिजतंय आणि मग घासत बसा. आधी गार पाण्यानं खंगाळायचं, मग मूठभर बेसन नाहीतर लिंबाचं पिळलेलं साल चोळायचं, वशट वास जातोय, त्यानंतर साबण. आमच्यात ह्याची घासणी वेगळी, हिरवी, मागच्या नळावर खिळ्याला टांगलेली. भाच्याला पण तेच सांगितलं, तर म्हणाला मावशी आमच्याकडं एकच घासणी आहे, ती पण रूमपार्टनरची.